मथुराबाई पाण्यात उतरल्या, त्याची हकीकत

जळकोट, ता. तुळजापूर, जि. धाराशिव
(तुम्ही पाकिटावर अजून उस्मानाबाद लिहिता. पोस्टमन दोन्ही वाचतो.)
२४ ऑक्टोबर

तीर्थरूप महारुद्रदादा यांना,

धाकटी बहीण शिवकांताचा वाकून नमस्कार. (वाकून हे पत्रापुरतं. डॉक्टरांनी मला वाकायला मनाई केली आहे, आणि तुमच्यापुढे वाकायची सवय मला आधीपासूनच नव्हती.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनी फोनवर म्हणाल्या की तुम्ही साखर सोडून गूळ धरला आहे आणि त्यालाच पथ्य म्हणता. सत्तरी ओलांडलेल्या वकिलाला कोण समजावणार? वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवायलाही सांगा.

सोलापूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हाला शिकवलं होतं की पत्राचा विषय पहिल्या परिच्छेदात यावा. दुसऱ्यात येतो आहे, पण येतो आहे. तुम्ही पाठवलेलं संमतिपत्र मिळालं. आपला धाकटा रणधीर गेला त्याला दोन वर्षं झाली. त्याला बायको ना मूल, त्यामुळे त्याची ती शिडाची लाकडी बोट कायद्यानं निम्मी तुमची, निम्मी माझी. ती तुम्ही तुमच्या मित्राच्या मुलाला, दिग्विजयला द्यायची ठरवली आहे. तो ती मधोमध कापणार, पुढचा अर्धा भाग हायवेवरच्या त्याच्या धाब्याच्या भिंतीतून बाहेर आल्यासारखा बसवणार, त्याला निळे दिवे लावणार, म्हणजे हैदराबादच्या गाड्या थांबतील. तुमची सही झाली आहे. माझी झाली की करवत चालेल. दादा, मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. जिथं मे महिन्यात टँकरपुढे रांग लागते त्या गावात बत्तीस फुटी बोट ठेवायची कशाला, हा प्रश्न अकरा वर्षं रोज सकाळी दार उघडलं की माझ्यासमोर उभा असतो. सही अजून का झाली नाही, तेवढंच कळवण्यासाठी हे लिहिते आहे.

सही करण्यापूर्वी आपण काय देतो आहोत हे माणसानं वाचावं, असं तुम्हीच आयुष्यभर पक्षकारांना सांगत आलात. तुम्ही वाचलं नाहीत, म्हणून मी वाचलं. रणधीरच्या ट्रंकेत बोटीची जाड वही आहे, तिच्या पहिल्या वीस पानांवर त्यानं बोटीचा सगळा इतिहास लिहून ठेवला आहे. बोट १९३८ सालची. मुंबईत बांधलेली, ब्रह्मदेशातल्या सागाची, तांब्याच्या खिळ्यांची. पहिला मालक चहाच्या कंपनीतला कुणी इंग्रज होता. त्यानं बोटीला बायकोचं नाव दिलं आणि मग बायकोला कधी बोटीवर नेलं नाही. तो देश सोडून जाताना ती एका पारशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे आली. डॉक्टर दर रविवारी मावा केकचा डबा घेऊन एकटेच समुद्रावर जायचे आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत यायचे. तीस वर्षं. (याला मी सुखाचा संसार म्हणते.) त्यांच्या मुलांना बोटीत रस नव्हता. ती विकली, पुन्हा विकली, आणि शेवटी अलिबागकडे एका खाडीच्या काठावर कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली. तिथं आपल्या रणधीरनं तिला पाहिलं. तीस वर्षं लोखंडी मालवाहू जहाजांच्या पोटात, जिथं वारा लागत नाही आणि समुद्र दिसत नाही, अशा इंजिनखोलीत काढल्यावर त्याला वाऱ्यावर चालणारं काहीतरी हवं होतं. मला त्या वेळी हे समजलं नव्हतं. फोनवर मी त्याला म्हणाले होते की पेन्शन आल्यावर माणसं तुळजापूरला जातात, तू कोंबड्या घेतोस.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही ते एकाच बाजूनं ठाऊक करून घेतलं आहे. दोन वर्षं खपून त्यानं बोट उभी केली आणि तिच्यावर आईचं नाव घातलं. मथुराबाई. तुळजापूरच्या कल्लोळ तीर्थापेक्षा मोठं पाणी जिनं जन्मात पाहिलं नाही, तिला समुद्र दाखवावा एवढाच त्याचा विचार. तुम्ही म्हणालात, माळकरी बाईचं नाव त्यानं दारू पिणाऱ्यांच्या खेळण्यावर घातलं, आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं सोडलंत. ठीक आहे. तुम्ही थोरले. पण दिग्विजयनं परवा मला नव्या पाटीचा नमुना दाखवला. बोटीवरचं नाव तो तसंच ठेवणार आहे, कारण ते ओरिजिनल आहे. वर आई, आणि आईच्या खाली मोठ्या अक्षरांत मटण थाळी, चिल्ड बिअर, एसी हॉल. मी त्याला काही बोलले नाही. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदाच कुणाला काही बोलले नाही, आणि त्याबद्दल माझं मलाच वाईट वाटतं आहे.

तर बोट इथं आली कशी? रणधीरच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी समुद्र बंद केला, आणि बोट ठेवायची मुंबईतली जागाही गेली. त्याच्याकडे जागा होती ती फक्त जळकोटच्या हिश्श्यात. ट्रेलरवरून तीन दिवस प्रवास झाला. टोलनाक्यावर तिला कोणत्या वर्गात घालायचं यावर अर्धा तास चर्चा झाली (शेवटी ट्रॅक्टरच्या). सोलापुरात लोकांना वाटलं कुणाचा तरी निवडणुकीचा प्रचार आहे, आणि दोघांनी तर पाठिंबाही जाहीर केला. डोलकाठी वेगळ्या गाडीतून आली, ती पुढे तीन वर्षं गावकरी यात्रेतल्या काठीसाठी मागून नेत. शीड सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री म्हणून गेलं आणि परतीच्या पावसात आमच्या आळीचा निम्मा माल त्यानं वाचवला. म्हणजे बोट पाण्यात सोडून बाकी सगळीकडे उपयोगी पडत होती.

आणि इंजिन. ही बोट शिडाची, पण वारा पडला तर अडचण नको म्हणून पोटात छोटं डिझेल इंजिन. मदतीपुरतं. बायकोच्या भावासारखं, म्हणजे अडल्याशिवाय आठवायचं नाही. पण आपल्या गावाला शीड काय कळणार, इंजिन मात्र लगेच कळलं. विहिरीवरचे पंप दुरुस्त करणारा विरेश पहिल्याच दिवशी आत उतरला, हात फिरवला, आणि वर येऊन मला विचारतो, “ताई, इंजिन एक नंबर हाय. पन ह्याला एवढं मोठं खोकं कशापायी बांदलंय?” रणधीर त्यावर आठ दिवस हसत होता. मग आला दुष्काळ. लाईट नाही, विहिरीचं पाणी तळाला, तेव्हा त्यानं स्वतःच इंजिन काढून गावच्या विहिरीवर दिलं. समुद्राचं इंजिन असल्यामुळे त्याला थंड राहायला वाहतं पाणी लागतं. दहा घागरी वर काढायचं आणि दोन घागरी स्वतः प्यायचं. (आपल्याकडच्या सार्वजनिक कामांत हे प्रमाण चांगलंच म्हणायचं.) अडीच महिने गाव त्यावर प्यालं. परत आलं तेव्हा त्याला हळदीकुंकू लागलेलं होतं, तो डाग अजून आहे. तुमच्या संमतिपत्रात या इंजिनाचा उल्लेख “जुने भंगार, एक नग” असा आहे. ड्राफ्टिंग तुमचंच दिसतं.

आता मूळ मुद्दा. जाण्याआधी आठवडाभर रणधीर मला एकच म्हणाला होता. अक्का, एकदा आपल्या पाण्यात घाल तिला, मग काय करायचं ते करा. तेव्हा मी दिग्विजयला स्पष्ट सांगितलं की बाबा, एक दिवस नळदुर्गच्या बोरी धरणात बोट उतरवते, बाहेर आली की तिथंच काठावर सही करते, तू तिथूनच घेऊन जा. तो स्वभावानं चांगला मुलगा आहे. म्हणाला, आत्या, कापायच्या वेळी क्रेन लागणारच आहे, तीच आधी घेऊन येतो. पाटबंधारे खात्याच्या अर्जावर पाण्यात उतरण्याचं कारण विचारलं होतं आणि पुढे तीनच पर्याय होते. मासेमारी, मूर्ती विसर्जन, इतर. मी “इतर” वर खूण केली. साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि एका दिवसाची परवानगी दिली.

पण अकरा वर्षं उन्हात उभी राहिलेली लाकडी बोट म्हणजे चाळण असते. फळ्यांमधून करंगळी जात होती. आपला बाबू सुतार आठवतो ना, गाड्याची चाकं करणारा? त्यानं सगळीकडून पाहिलं आणि म्हणाला, हिला आजार काही नाही, तहान लागली आहे. वाळलेलं चाक ओढ्यात टाकून ठेवतात तशी ही भिजवायची, लाकूड फुगलं की फटी आपोआप मिटतात. सबंध श्रावण-भाद्रपद आम्ही तिच्या अंगाभोवती ओली पोती गुंडाळत होतो. फटींत जवसाच्या तेलात भिजवलेला काथ्या बाबूनं बोटांनी भरला. शेजारची हरणाबाई येता-जाता बोटीला हात लावून विचारायची, ताप उतरला का? (तिनं हे चेष्टेत विचारलं असावं असं मी पहिले पंधरा दिवस समजत होते.)

कोजागरी झाली आणि त्यानंतरच्या बुधवारी निघायचं ठरलं. इथं मी एक चूक केली. हरणाबाईला सांगितलं की बोटीचं नाव आईचं आहे आणि उद्या ती घर सोडून निघते आहे. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात आळीतल्या बाया, प्रत्येकीच्या हातात ताट. बाईमाणूस घर सोडून निघालं की ओटी भरल्याशिवाय कसं जाऊ द्यायचं? ही सासरी निघालेली लेक आहे की माहेरी निघालेली सासू यावर थोडा वाद झाला, पण ओटीबद्दल दुमत नव्हतं. मी म्हणाले, अगं, वहीत स्पष्ट लिहिलं आहे, तळात सुटं काही ठेवायचं नाही. त्यावर हरणाबाई शांतपणे म्हणाली, “ताई, तुमी विंग्रजी शाळेत शिकलाव, म्हनून आमी काय बोलत न्हाय. पन माय रिकाम्या वटीनं जायची न्हाय.” त्रेसष्ट बायांनी गव्हाची ओटी भरली. नारळ, खण मी काढून घेतले. गहू मात्र लाकडी जमिनीच्या फटींतून थेट तळात गेले.

धरणावर जत्रा जमली होती. बोट उतरायची तर घरचं माणूस आत हवं, असं सगळ्यांनी ठरवलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रणधीरचं नारिंगी जाकीट साडीवर चढवलं आणि आत जाऊन बसले. विरेश इंजिनापाशी, बाबू तळाशी. क्रेननं आम्हाला उचललं, आणि दादा, खरं सांगते, हवेत असताना मला आपल्या तिघांचं लहानपण वगैरे काही आठवलं नाही, फक्त ओव्हनसाठी नेलेल्या केकच्या भांड्यासारखं वाटलं. मग पाणी लागलं. लागलं म्हणजे आतच आलं. डावीकडून, उजवीकडून आणि मधून. विरेशनं पाणी उपसायचा पंप सुरू केला, त्यानं दोन घोट घेतले आणि गहू अडकून गप्प झाला. काठावर दिग्विजयनं क्रेनवाल्याला हुक तयार ठेवायला सांगितलं. हसला नाही, त्याला खरंच काळजी वाटत होती, पण त्याच्या डोळ्यांपुढे निळे दिवे होते हे मला लांबूनही दिसत होतं. पाणी माझ्या घोट्याशी आलं. मग पोटरीशी. काठावरून सगळं गाव मला उतरा म्हणत होतं. मी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लोकांना “कृपया प्रतीक्षा करा” सांगितलं आहे. तेच पुन्हा सांगितलं.

सव्वा तास मी त्या पाण्यात बसून होते. वेळ घालवायला रणधीरची वही उघडली. इतिहासाच्या पानांपुढे त्यानं रोजच्या नोंदी लिहिल्या आहेत, समुद्रावरच्या दोन वर्षांच्या. मला वाटलं पुढे कोरी पानं असतील. नव्हती. जळकोटला आल्यावरही तो रोज लिहीत होता. “वारा पश्चिमेचा, जोर मध्यम. बोट जागेवर. ज्वारी कणसात आली. दादाला फोन केला. उचलला नाही.” “वारा नाही. बोट जागेवर. अक्का माझ्यावर रागावली आहे, कारण आठवत नाही. दादाला फोन केला. उचलला नाही.” फोन दर रविवारी, दादा. डॉक्टर मावा केक घेऊन जायचे तसा. मी थोडी पानं वाचली आणि मिटून ठेवली. दूरचा चष्मा लावून जवळचं वाचलं की डोळ्यांना त्रास होतो.

तेवढ्यात बाबूनं तळातून हात वर केला आणि म्हणाला, “थांबलं.” पाणी चढायचं थांबलं होतं. फळ्या फुगल्या होत्याच, आणि जिथं त्या कमी पडल्या तिथं त्रेसष्ट बायांचे गहू भिजून, फुगून फटींत घट्ट बसले होते. विरेशनं पंपाचं तोंड हातानं साफ केलं, पाणी उपसलं, आणि मग ते मदतीपुरतं इंजिन लावलं. मथुराबाई निघाल्या. धरणाला एक पूर्ण वळसा. सुकाणूची दांडी माझ्या हातात होती. मी ती डावीकडे ढकलली की बोट उजवीकडे जायची. घरातल्या पुरुषांशी वागायचा अनुभव कामी आला. काठावर हरणाबाई इतरजणींना काय सांगत होती ते मला ऐकू आलं नाही, पण तिचा चेहरा पाहून कळलं. मी तिची माफी मागितली आहे. तिनं ती दिली, आणि वर म्हणाली की शाळा इंग्रजी असली तरी पोरगी वाईट नाही.

दुसऱ्या वळशाला दिग्विजय स्वतःहून आत आला. मी कागद आणि पेन घेऊन बसले होते, शब्द म्हणजे शब्द. तो पुढे टोकाशी बसला, पाण्याकडे पाहत राहिला, एकदा लाकडावरून हात फिरवला, आणि काठाला लागल्यावर म्हणाला, “आत्या, आज नको. दादांना एकदा इचारा. ते म्हनले तर नेतो.” म्हणून दादा, सही झालेली नाही. ती माझ्यामुळे राहिलेली नाही, हे आपण नोंदवून घ्यावं. बोट त्याच संध्याकाळी परत येऊन अंगणात उभी आहे, आणि दिग्विजय तुमच्या उत्तराची वाट पाहतो आहे. तुम्ही “ने” म्हणालात तर तो नेईल. सगळं तुमच्या हातात आहे, नेहमीप्रमाणे.

गुडघ्याला तीळतेल लावा, तापवून. पुण्यातलं नको, मी इथून घाण्याचं पाठवते. आणि माझ्या लिहिण्यात कुठं अधिक-उणं झालं असेल तर ते उणं समजून पुढे जा.

तुमची बहीण,
शिवकांता

ता. क. १ : बोट परत आली त्याला आठ दिवस झाले आणि तळातले गहू उगवले. घटाला येतात तसे हिरवे पिवळे कोंब सगळ्या फटींतून वीतभर वर आले आहेत. बाया रोज येऊन पाणी घालतात. बाबू म्हणतो हे कोंब कुजायच्या आत काढावे लागतील, आणि गहू निघाले की तळाच्या तीन फळ्या नव्या घालाव्या लागतील. त्याला जुना, पक्का साग हवा.

ता. क. २ : तसा साग पंचक्रोशीत एकाच ठिकाणी आहे. तुमच्या हिश्श्याच्या बांधावर, तुम्ही वकील झालात त्या वर्षी लावलेली दोन झाडं. ती तोडायच्या परवानगीचा अर्ज मी भरून सोबत जोडला आहे. अर्जदार म्हणून तुमचं नाव आहे, सहीच्या जागी पेन्सिलनं फुली केली आहे. पाकिटात दोन कागद आहेत. दुसरा म्हणजे तुमचं संमतिपत्र, परत पाठवते आहे. त्याच्या कोऱ्या बाजूवर बाबूनं फळ्यांची मापं लिहिली आहेत, ती तेवढी उतरवून घेऊन मला कळवा. चुकीच्या कागदावर सही करू नका.

ता. क. ३ : बाबूच्या मते बोट उजवीकडे किंचित कलते. डाव्या अंगाला ऐंशी किलोचं माणूस कायमचं बसवावं लागेल. वहिनी म्हणाल्या तुम्ही अठ्ठ्याहत्तर भरता. पुढच्या रविवारी वेशीपर्यंत कुणी आणायला येईल ते फोनवर ठरवू. फोन तुम्ही करा, मी पहिल्या घंटीला उचलेन. उरलेले दोन किलो हरणाबाईच्या धपाट्यांनी भरून निघतील.